पटावर १,२७७ घरं असती तर

बुद्धिबळाच्या पटावर गहू मांडायची गोष्ट बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दर घराला दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जायचं. एकूण दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. गव्हाच्या हजार दाण्यांचं वजन चाळीस ग्रॅम धरलं, तर हा ढीग सुमारे ७४,००० कोटी टनांचा होतो. साऱ्या जगात वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे जगाचं नऊशेहून जास्त वर्षांचं पीक या एका पटावर ओतावं लागेल.

गोष्ट इथे संपते, पण गणित इथे सुरू होतं. हे सगळे दाणे सारख्या राशींमध्ये वाटायचे आणि एकही दाणा उरू द्यायचा नाही, असं ठरवलं तर किती राशी करता येतील? चौसष्ट घरांच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर पूर्ण माहीत आहे. ती वीस अंकी संख्या म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७. सातही अवयव मूळ आहेत, त्यांच्यापुढे तोडणं नाही.

ही फोड सोपी का गेली, याला कारण आहे. पटावरच्या एकूण दाण्यांची संख्या म्हणजे २ चा तितकावा घात वजा एक. घरांची संख्या ६४ असली की ती ३२ मध्ये, १६ मध्ये, ८ मध्ये निम्मी होत जाते आणि तिच्याबरोबर दाण्यांची मोठी संख्याही आपोआप तुटत जाते. त्यातला एकच तुकडा खरा चिवट होता: २ चा ३२ वा घात अधिक एक, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७. फर्मा या गणितज्ञाला ती मूळ संख्या वाटली होती. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की तिला ६४१ ने भाग जातो.

आता पटाला फक्त तीन घरं जोडू या. ६७ घरं. ६७ ही स्वतःच मूळ संख्या, त्यामुळे निम्मं करण्याचा तो आधार नाहीसा होतो. एकूण दाणे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांच्या स्थानांची जी नावं आहेत, त्यातलं शेवटचं परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. ही संख्या १,४७५ परार्धांच्या पुढची आहे.

मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये एक यादी छापली. कोणत्या घातांसाठी २ चा घात वजा एक ही मूळ संख्या असते, याची ती यादी होती आणि तिच्यात ६७ होता. (अशा संख्यांना आज त्याच्याच नावाने मेर्सेन संख्या म्हणतात.) दोनशे वर्षांहून जास्त काळ त्या विधानाला कोणी धक्का लावू शकलं नाही. १८७६ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने ६७ ची नोंद चुकीची ठरवली. ती संख्या मूळ नाही, संयुक्त आहे. पण तिचे अवयव कोणते, हे ल्युकालाही सांगता आलं नाही. पुढे सत्तावीस वर्षं ते कोणालाच माहीत नव्हतं.

हे कसं शक्य आहे? एखादी संख्या तुटते हे ठामपणे सिद्ध करायचं, पण कुठे तुटते हे मात्र कळू नये? मला या साऱ्या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. ती नुसती सांगून पटत नाही, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन करूनच बघू. ल्युकाच्या कल्पनेला पुढे डेरिक लेमर या गणितज्ञाने जे सुटसुटीत रूप दिलं, ते शाळेतल्या मुलालाही जमेल असं आहे.

आधी सात घरांचा पट घ्या. एकूण दाणे १२७. सुरुवात ४ ने करायची. त्याचा वर्ग करायचा, त्यातून २ वजा करायचे, आलेल्या संख्येला १२७ ने भागून फक्त बाकी ठेवायची. त्या बाकीवर पुन्हा हेच. घरांच्या संख्येपेक्षा दोन कमी वेळा, म्हणजे पाच वेळा हे करायचं. बाकी अशी येत जाते: ४, १४, ६७, ४२, १११, ०. शेवटी शून्य आलं, म्हणजे १२७ मूळ आहे.

आता अकरा घरांचा पट. एकूण दाणे २,०४७. इथे नऊ वेळा करायचं: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १,८७७, २४०, २८२, १,७३६. शेवटी शून्य आलं नाही, म्हणजे २,०४७ मूळ नाही. निकाल पक्का, त्यात शंकेला जागा नाही. आता ही रांग पुन्हा वाचा. २,०४७ म्हणजे २३ × ८९, पण या रांगेत २३ कुठे दिसतो? ८९ कुठे दिसतो? कुठेच नाही. १,७३६ ही बाकी ‘तुटते’ एवढंच सांगते आणि गप्प बसते. २,०४७ लहान आहे म्हणून २३ आपण चाचपडत शोधून काढतो. संख्या मोठी झाली की हे चाचपडणंच अशक्य होतं.

६७ घरांचं कोडं सोडवलं फ्रँक नेल्सन कोल या अमेरिकन गणितज्ञाने. ३१ ऑक्टोबर १९०३, न्यूयॉर्क, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक. गणितज्ञ-लेखक ई. टी. बेल यांनी पुढे लिहून ठेवलेली हकिकत अशी, की कोल फळ्यापाशी गेले आणि एक शब्दही न बोलता २ चा ६७ वा घात काढून त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या रिकाम्या बाजूला १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार पायरीपायरीने मांडला. दोन्ही उत्तरं जुळली. कोल जागेवर जाऊन बसले, सभागृहात टाळ्या झाल्या, कोणी प्रश्न विचारला नाही. हे शोधायला किती वेळ लागला, असं बेल यांनी बऱ्याच वर्षांनी विचारलं, तेव्हा ‘तीन वर्षांचे रविवार’ असं उत्तर आलं, असंही बेल सांगतात. हकिकतीला थोडा रंग चढला असेल. गुणाकार मात्र शंभर टक्के खरा आहे.

तीन वर्षांचे रविवार कुठे गेले असतील, याचा अंदाज बांधता येतो. घरांची संख्या मूळ असेल, तर दाण्यांच्या एकूण संख्येचा कोणताही विभाजक मन मानेल तसा नसतो. त्यातून एक वजा केला, की उरलेल्या संख्येला घरांच्या दुपटीने भाग गेलाच पाहिजे. अकरा घरांसाठी २२: २३ मध्ये तो एकदा बसतो, ८९ मध्ये चार वेळा. सदुसष्टसाठी १३४. कोल यांच्या लहान अवयवात १३४ बसतो १४,४५,५८० वेळा. आणखी एका नियमाने यातले निम्मे उमेदवार गळतात, तरीही सात लाखांवर उरतात, आणि तो एकवीस अंकी भाज्य घेऊन हाताने भागाकार करायचे. कोल यांनी वर्गशेषांचा चतुराईने वापर करून ही रांग आणखी खूप छाटली. संगणक नव्हता, कागद होता.

आता पटाला १,२७७ घरं द्या.

२६७ व्या घरातच दाण्यांची संख्या दृश्य विश्वातल्या सगळ्या अणूंच्या अंदाजे संख्येला, म्हणजे १० च्या ८० व्या घाताला जाऊन भिडते. तिथून पुढे अजून १,०१० घरं भरायची असतात आणि प्रत्येक घराला दुप्पट. एकूण दाण्यांची संख्या ३८५ अंकी आहे. ती २६० ने सुरू होते आणि २७१ ने संपते. लिहायला म्हणाल तर ती अवघड नाही: मासिकाच्या पानावर आठ-दहा ओळींत मावेल. संगणकाच्या द्विमान पद्धतीत तर ती नुसते १,२७७ एक ओळीने लिहिले की झाली.

ही संख्या संयुक्त आहे, हे १९५२ पासून माहीत आहे. त्या वर्षी लॉस एंजेलिसमधल्या ‘स्वॅक’ नावाच्या संगणकावर राफाएल रॉबिन्सन यांनी ल्युका-लेमर कसोटी चालवली. मशीनची जलद स्मृती होती अवघी २५६ शब्दांची. रॉबिन्सन यांनी ते मशीन पाहिलंही नव्हतं, माहितीपुस्तिका वाचून त्यांनी आज्ञावली लिहून पाठवली होती. त्या वर्षात तिच्यातून पाच नव्या मूळ संख्या बाहेर पडल्या. १,२७९ घरांचा पट त्यातलाच एक: शेवटी शून्य, म्हणजे ३८६ अंकी मूळ संख्या. आणि त्याच्या दोनच घरं अलीकडे असलेल्या १,२७७ च्या पटावर शून्य आलं नाही. १,२७७ आणि १,२७९ या जुळ्या मूळ संख्या, पण त्यांच्या पटांचं नशीब इतकं वेगळं.

तेव्हापासून सत्तर वर्षांहून जास्त काळ लोटला. १,२७७ घरांच्या संख्येचा एकही विभाजक आजतागायत सापडलेला नाही. एकही नाही. तिचे मूळ अवयव दोन आहेत की पाच, हेही कोणी सांगू शकत नाही. ती वर्गसंख्या नाही, एवढं सहज सांगता येतं, कारण ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते आणि वर्गाच्या बाबतीत तसं कधी होत नाही. प्रत्येक विभाजक २,५५४ ची पट अधिक एक असणार, हेही ठरलेलं आहे. तो असतो कसा, हे पूर्ण माहीत. आहे कुठे, याचा पत्ता नाही. ज्यांच्या घरांची संख्या मूळ आहे अशा पटांमध्ये, एकही विभाजक माहीत नसलेला सर्वांत लहान संयुक्त पट हाच.

एकामागून एक भागून बघू म्हटलं तर काय होईल, याचा हिशोब मांडून पाहिला. या संख्येचं वर्गमूळ १९३ अंकी आहे आणि किमान एक अवयव त्याच्या आत असलाच पाहिजे. २,५५४ चा नियम लावून आणि त्यातले निम्मे गाळूनही सुमारे ३ गुणिले १० चा १८८ वा घात इतके उमेदवार उरतात. समजा, दृश्य विश्वातला प्रत्येक अणू एकेक महासंगणक आहे आणि सेकंदाला दहा लाख गुणिले दहा लाख गुणिले दहा लाख भागाकार करतो आहे. हे काम महास्फोटाच्या क्षणापासून १,३८० कोटी वर्षं एक क्षणही न थांबता चाललं आहे. तर आजपर्यंत झालेले भागाकार भरतील सुमारे ४ गुणिले १० चा ११५ वा घात. जेवढं काम झालं, त्याच्या १० च्या ७२ व्या घाताहूनही जास्त पट काम अजून शिल्लक. आणि ही संख्या छापली तर आठ-दहा ओळी.

अर्थात कोणीही असं आंधळेपणाने भागत बसत नाही. हेंड्रिक लेन्स्ट्रा यांनी ऐंशीच्या दशकात लंबवर्तुळीय वक्रांची पद्धत दिली. लहान विभाजक हुडकून काढण्यात ती फार तरबेज आहे आणि १,२७७ वर ती इतक्या जणांनी इतका काळ चालवली आहे, की लहान विभाजक असता तर तो एव्हाना हाती लागला असता. त्याहून मोठ्या कामाला ‘नंबर फील्ड सीव्ह’ नावाची चाळणी आहे. तिने २०१२ मध्ये १,०६१ घरांचा पट फोडला: ३२० अंकी संख्या १४३ अंकी आणि १७७ अंकी अशा दोन मूळ अवयवांत तुटली. पुढे लोझानच्या गटाने १,००० ते १,२०० घरांच्या टप्प्यातल्या अशा अनेक संख्या फोडल्या. १,२७७ वर अजून घाव बसलेला नाही, कारण प्रत्येक वाढीव घराबरोबर खर्च वाढत जातो आणि एवढ्या एका संख्येवर तो करायला अजून कोणी तयार झालेलं नाही.

दुसरीकडे ‘मूळ आहे का?’ या प्रश्नाची प्रगती बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये १३,६२,७९,८४१ घरांचा पट मूळ असल्याचं जाहीर झालं. ती संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. चार कोटी अंकांची संख्या मूळ आहे असं आपण छातीठोकपणे सांगतो आणि ३८५ अंकांच्या संख्येचा एक विभाजक दाखवू शकत नाही. मेर्सेन संख्यांना खास कसोटी आहे म्हणून हे जमतं, असं कोणी म्हणेल. पण कोणत्याही संख्येसाठी ‘मूळ की संयुक्त’ हे ठरवणं मुळातच झेपणारं काम आहे, हे ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं. अंक वाढले तरी लागणारा वेळ आवाक्यात राहतो, हा त्यांच्या निष्कर्षाचा गाभा. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच पदवीधर झाले होते. भारतीय गणितातल्या गेल्या काही दशकांतल्या सर्वांत सुंदर कामांत मी ते धरतो. अवयव शोधण्यासाठी मात्र आजच्या संगणकांना झेपेल अशी पद्धत कोणाकडेच नाही. ती असू शकत नाही, असंही कोणी सिद्ध केलेलं नाही.

हा प्रश्न केवळ गणितज्ञांपुरता नाही. ‘नाही सापडत’ या एका गोष्टीवर इंटरनेटच्या गुप्ततेचा फार मोठा भाग उभा आहे. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये जी कुलपाची पद्धत मांडली, तिच्यात दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर करायचा असतो आणि त्या दोन संख्या लपवायच्या असतात. सोबत त्यांनी १२९ अंकांची एक संख्या आव्हान म्हणून छापली. ती फोडायला ४ वर सोळा शून्यं इतकी वर्षं लागतील, असा तेव्हाचा अंदाज होता. ती १९९४ मध्ये, सतरा वर्षांत फुटली. सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापले संगणक आठ महिने त्या कामाला लावले होते. आधीचा हिशोब चुकला, कारण तो त्या काळी माहीत असलेल्या पद्धतीचा होता, आणि दरम्यान पद्धती बदलल्या. म्हणून वर मी मांडलेल्या १० च्या घातांनी डोळे दिपू द्यावेत, पण विसंबून राहू नये असं मला वाटतं. ते आंधळ्या भागाकाराचं मोजमाप आहे, अक्कल त्यात मोजलेली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकांची संख्या फुटली. संगणकाच्या प्रोसेसरचा एकच ‘कोअर’ कामाला लावला असता तर त्याला सुमारे २,७०० वर्षं लागली असती, एवढं ते काम. आज वापरातल्या कुलपांमध्ये ६१७ अंकांच्या संख्या सर्रास असतात. आणि १९९४ मध्येच पीटर शोर यांनी दाखवून दिलं, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर हे काम सोपं होईल. तसा संगणक अजून बनलेला नाही.

१,२७७ एकटाच आहे असंही नाही. २ चा १०,४८,५७६ वा घात अधिक एक ही ३,१५,६५३ अंकांची संख्या, सुरुवातीला आलेल्या फर्माच्या संख्येच्याच घराण्यातली, संयुक्त आहे हे ऐंशीच्या दशकात सिद्ध झालं. तिचाही एकही विभाजक माहीत नाही. तिच्याच घराण्यातली एक धाकटी, ४,९३३ अंकांची, संयुक्त असल्याचं साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच ठरलं होतं. तिचा पहिला विभाजक मिळाला २०१० मध्ये आणि तोही ५४ अंकी. जवळजवळ अर्धशतक ती ‘तुटते, पण कुठे ते माहीत नाही’ या अवस्थेत होती. तिची वाट पाहणं संपलं, म्हणून १,२७७ बद्दलही मी आशा सोडत नाही.

गणित शिकवणाऱ्यांना एक विनंती. सातवी-आठवीच्या वर्गात कोल यांचा तो गुणाकार एकदा हाताने करून घ्या. नऊ अंकी गुणिले बारा अंकी, वहीचं एक पान पुरतं. उत्तर आलं की नवाचा ताळा घ्यायला सांगा: पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, दुसऱ्याची ६४, गुणाकाराची १०९; तिन्हींतून नऊ-नऊ काढत गेलं की १ उरतो. त्यानंतर अकरा घरांची ती बाकीची रांग मुलांना स्वतः मांडू द्या आणि तिच्यात २३ शोधायला सांगा. घरी संगणक असेल, तर ‘जिम्प्स’ या १९९६ पासून चालणाऱ्या मेर्सेन शोधमोहिमेत कोणालाही भाग घेता येतो. तिथे मूळ संख्या शोधता येतात, तसे विभाजकही शोधता येतात. आणि कोणी तुमच्यापुढे एखादी संख्या ठेवून ‘हा घ्या १,२७७ घरांचा विभाजक’ म्हणालं, तर आधी तिच्यातून एक वजा करा आणि २,५५४ ने भागा. बाकी उरली, तर पुढे पाहायची गरज नाही.